पाच मिनिटं बाहेर बसा

आमच्या लेकीच्या वेळची गोष्ट. इकडे अमेरिकेत पहिल्या तपासणीला बायकोबरोबर गेलो होतो. वजन, रक्तदाब झाल्यावर नर्स मला म्हणाली, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसा." का, तर म्हणे इथली पद्धत. घरी येताना बायकोने सांगितलं, आत तिला विचारलं होतं: घरी सुरक्षित वाटतं का? नवरा मारतो का, धमकावतो का?

मला रागच आला. मी? डॉक्टरेट केलेला, रोज भांडी घासणारा माणूस! फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "काय रे बाबा ही थेरं! आपल्याकडे नाही असलं विचारत."

राग ओसरला, पण आईचं वाक्य डोक्यात राहिलं. खरंच, आपल्याकडे का विचारत नाहीत?

थोडी आकडेमोड करू (आमची जुनी खोड). आपल्याकडे गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी करतात, आणि ती व्हायलाच हवी. त्यात हजारात अगदी मोजक्या जणींना लागण सापडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या १०० पैकी ३ जणींनी सांगितलं, की गरोदर असताना मारहाण झाली. म्हणजे हजारात तीस! आणि या फक्त सांगणाऱ्या. मारहाणीने गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचं बाळ, बाळंतपणानंतरचं नैराश्य यांचा धोका वाढतो. मग हा 'घरातला मामला' कसा?

विचारलं तर संसार मोडतात म्हणे. अहो, संसार प्रश्नाने मोडत नाही, उगारलेल्या हाताने मोडतो.

आणि ही गोऱ्यांची थेरंही नव्हेत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास मुंबई महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने 'दिलासा' केंद्र सुरू केलं. तिथे नुसतं विचारत नाहीत, समुपदेशन आणि कायद्याची मदतही मिळते. हे महत्त्वाचं आहे. कारण नुसतं विचारून सोडून दिलं तर खास फायदा होत नाही, हे कॅनडातल्या २००९ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

इकडेही सगळं छान आहे असं नाही. इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली सांगितलं, की पहिल्या भेटीत, दर तिमाहीत आणि बाळंतपणानंतरही विचारा, आणि एकटीला विचारा. पण आमच्या पुढच्या एका भेटीत दुसऱ्या नर्सने मी शेजारी बसलेलो असतानाच, संगणकाकडे बघत, तोच प्रश्न विचारला. मी मारत असतो तर ती बिचारी काय सांगणार होती?

आपल्याकडे तर एकटी बाई सापडतच नाही. बरोबर नवरा, नाहीतर सासू. बाळंतपणाला माहेरी, मग बाळ घेऊन परत त्याच घरात. सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात बाळाच्या लशीला ती दवाखान्यात येते. बाळाचं वजन होतं, आईला कुणी काही विचारत नाही. तीन भेटी फुकट!

डॉक्टरमंडळी, नातेवाइकांना बाहेर काढा, तिच्यावर विश्वास ठेवा, इजा कागदावर नोंदवा, कुठे पाठवायचं ते आधी ठरवून ठेवा.

आणि नवरेमंडळी, तुम्ही कुणी सांगायची वाट बघू नका. आपणच उठून बाहेर जा. जाताना आईलाही बरोबर न्या.