कोर मोजा, काम मोजू नका!

192 की 128? सध्या सर्व्हर खरेदीच्या कोणत्याही बैठकीत बसा, चहाबरोबर हा प्रश्न येतोच, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आपण फार खोलात गेल्याचं समाधान असतं. एका बाजूला एएमडीचा एपिक 9965, 192 कोरचा. दुसऱ्या बाजूला इंटेलचा झिऑन 6980पी, 128 कोरचा. दोन्ही 2024 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने बाजारात उतरले. दोन्हींची भूक 500 वॅट. विक्रेता पडद्यावर दोन उंच-बुटके खांब दाखवतो, साहेब उंच खांबाकडे बोट करतात, बैठक संपते. या यंत्रावर नेमकं काय चालणार आहे, हे विचारणारा माणूस त्या खोलीत एक तर नसतो, किंवा असला तर त्याला बोलण्याइतका पगार नसतो.

मी मंठ्यात राहतो आणि पोटासाठी दूरवरचे सर्व्हर सांभाळतो. आमच्या गावात सर्व्हर नावाची वस्तू फारशी कुणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण 'सर्व्हर डाऊन' हे रेशनच्या रांगेतल्या आजीलाही पाठ आहे. त्यामुळे कोरच्या या मिरवणुकीबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला इथूनच जास्त आहे, असं मी समजतो.

आधी साधा हिशोब. कोर म्हणजे काम करणारे हात. पण त्या हातांना मेमरीतून माल यावा लागतो, आणि मेमरीचे चॅनेल दोन्ही प्रोसेसरांना बाराच आहेत. वेचणीला 192 बाया लावल्या आणि कापूस न्यायला गाड्या बाराच ठेवल्या, तर बाया बांधावर बसतील आणि मजुरी चालूच राहील. एपिकवर 6000 वेगाची डीडीआर5 मेमरी लावली की सेकंदाला जास्तीत जास्त 576 गीगाबाइट माल येतो, म्हणजे कोरमागे 3. झिऑनला 8800 वेगाची एमआरडिम ही मेमरी लावता येते. तिथे तोच आकडा 844 होतो, कोरमागे साडेसहाच्या वर. चिपमधल्याच जवळच्या मेमरीचं, म्हणजे एल3 कॅशचंही तेच. एपिककडे 384 मेगाबाइट, कोरला 2. झिऑनकडे 504, कोरला जवळपास 4. म्हणजे 192 वाला कोरने दीडपट मोठा आणि दर कोरच्या वाट्याने निम्मा. हे विक्रेत्याच्या खांबांत दिसत नाही, कारण तो खांब कुणी काढतच नाही.

इंटेलवाल्यांनी लगेच गुलाल उधळू नये. एमआरडिम महाग पडते, आणि साधी 6400 ची मेमरी लावलीत तर कोरमागचा वाटा पाचाच्या आत येतो. शिवाय या झिऑनची जाहीर किंमत 17,800 डॉलर होती आणि जानेवारी 2025 मध्ये, चारेक महिन्यांत, ती 12,460 वर आणावी लागली. एपिकची होती 14,813. भाव इतका घसरला म्हणजे माल वाईट असं कुणी म्हणणार नाही, पण गिऱ्हाईक दारात रांग लावून उभं होतं असंही नाही.

आता खरी गंमत परवान्यांची. ओरॅकलचा डेटाबेस अजूनही आपल्या कित्येक कार्यालयांत ठाण मांडून आहे. त्याच्या एंटरप्राइज आवृत्तीचा जाहीर दर प्रोसेसर परवान्याला 47,500 डॉलर, आणि या दोन्ही जातींच्या चिपवर एका कोरला अर्धा परवाना लागतो. 192 कोरला 96 परवाने, म्हणजे 45 लाख 60 हजार डॉलर. 128 कोरला 64 परवाने, म्हणजे 30 लाख 40 हजार. सवलतीची घासाघीस नंतर करा, पण चिपच्या किमतीत दोन-अडीच हजार डॉलरवरून भांडणारे आपण परवान्यात 15 लाख 20 हजार डॉलरच्या फरकावर डोळे मिटून सही करतो. विंडोज सर्व्हरही कोरवरच मोजला जातो. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, कितीही कोरवर चालवा. पण फुकटच्या वस्तूची निविदा निघत नाही, आणि निविदा नाही तिथे बैठक नाही.

कोर वाढवले की वेग वाढतो हीसुद्धा अर्धवट गोष्ट. जीन अमडाल नावाच्या अभियंत्याने 1967 मध्येच मांडून ठेवलं आहे की कामाचा जो भाग एकामागे एकच करावा लागतो, तो तुमचा लगाम असतो. असा भाग फक्त 5 टक्के धरा. 128 कोरवर काम साधारण 17.4 पट वेगाने होतं आणि 192 कोरवर 18.2 पट. चौसष्ट कोर जास्त घातले, पदरात पडला पाच टक्क्यांहूनही कमी फायदा. पीकविम्याच्या किंवा पीकपाहणीच्या शेवटच्या दिवशी अख्खा जिल्हा एकाच वेळी फॉर्म भरायला बसतो. तेव्हा डेटाबेसमधल्या एकाच तक्त्याला कुलूप लागलेलं असेल आणि सगळे त्या कुलपापुढे ताटकळत असतील, तर मागे 192 कोर आहेत की 1,920 याने मंठ्याच्या सेवा केंद्रातलं फिरणारं चक्र थांबत नाही. रांग नीट लावणारा प्रोग्रॅम लिहिला, अर्ज आधी स्वीकारून पावती दिली आणि तपासणी रात्री सावकाश केली, तर जुन्या यंत्रावरही भागतं. पण तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा फोटो लोकार्पणात निघत नाही.

विचार करून खरेदी केली की काय होतं, याचं उदाहरण शोधायला अमेरिकेत जायला नको. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथला 'प्रत्युष' हा महासंगणक 2018 सालचा, इंटेलच्या 18 कोरच्या झिऑनवर उभा. त्याच्या जागी आला 'अर्क', 11.77 पेटाफ्लॉप्सचा. यात इंटेल नाही, एएमडीचा एपिक 7643 आहे. कोर किती? 48. त्याच पिढीत 64 कोरचा एपिक 7763 उपलब्ध होता. दोन्हींची एल3 कॅश 256 मेगाबाइट, दोन्हींचे मेमरी चॅनेल आठ. म्हणजे 48 वाल्यात दर कोरला वाटा मोठा मिळतो आणि वीजही कमी लागते, 280 ऐवजी 225 वॅट. हवामानाचं गणित मेमरीवर जगतं. जगाच्या नकाशावरच्या प्रत्येक चौकटीचं तापमान, दाब, वारा, ओल सतत आत-बाहेर करावी लागते. अशा कामाला कोरची बढाई उपयोगाची नाही.

ती चौकट आता लहान झाली आहे. मे 2025 मध्ये सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' 6 किलोमीटरच्या चौकटीवर चालते, आधी ती 12 ची होती. चौकट निम्मी केली की जमिनीवरचे ठिपके चौपट होतात आणि वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं, म्हणजे काम ढोबळमानाने आठपट. पूर्वीच्या यंत्राला एका धावेला दहा तास लागत, 'अर्क'ला चार. कंपनी बदलली, कोर बदलले, पण आधी काम मोजलं, मग यंत्र घेतलं. आणि गंमत पाहा, ज्या कार्यक्रमात 'अर्क' देशाला अर्पण झाला, त्यातच नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीसाठी 'परम रुद्र' हा महासंगणकही अर्पण झाला, आणि त्याच्या पोटात इंटेलचा झिऑन आहे. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी दोन्ही कंपन्या. कामं वेगळी, चिप वेगळ्या. कुणाचं बिघडलं नाही.

तो दिवस होता 26 सप्टेंबर 2024. पंतप्रधान पुण्यात येणार होते. मुसळधार पावसाने दौरा रद्द झाला आणि पावसाचा अंदाज सांगणाऱ्या यंत्राचं लोकार्पण दिल्लीतून पडद्यावर उरकलं. यावर मी काही बोलत नाही.

बोलायचं ते पुढचं. 'अर्क' आणि नोएडाचा हवामान महासंगणक 'अरुणिका' मिळून 850 कोटी रुपये खर्च झाले. तो खर्च योग्यच होता, असं माझं मत आहे. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला देशभरातले 199 जिल्हा कृषी हवामान घटक बंद करण्यात आले. एका घटकात माणसं किती? एक विषयतज्ज्ञ, एक निरीक्षक. महासंगणकातून निघालेला आकडा घेऊन 'परवा फवारणी करू नका' असं शेतकऱ्याच्या भाषेत सांगणं हे त्यांचं काम. आमच्या तालुक्यात सोयाबीन, कापूस, तूर. तळणीला धो-धो कोसळतो आणि ढोकसाळला धूळ उडते, असा इथला पाऊस. सहा किलोमीटरची चौकट अशाच तालुक्यांसाठी केली ना? मग ती चौकट वाचून दाखवणारा माणूसच काढून टाकल्यावर ती कुणी बघायची? चिप कोणत्या कंपनीची घ्यावी यावर आपण महिनोनमहिने तुलना करतो. दोन माणसांचे पगार मात्र एका आदेशात कापले जातात, त्यावर कुणी खांब काढत नाही.

तरीही खरेदीवाल्यांना उत्तर हवंच असेल तर घ्या. हजारो छोटी, एकमेकांवर अवलंबून नसलेली कामं असतील, म्हणजे वेबसाइटी, आभासी यंत्रं, कंटेनर, तर 192 चा एपिक डोळे झाकून घ्या. दहा जुनी यंत्रं एकात जातील आणि विजेचं बिल उतरेल. फक्त तो पडला की दहाचं काम एकदम पडेल, म्हणून जोडीला दुसरा ठेवा. कोरवर परवाना मोजणारा डेटाबेस असेल तर 192 ला हात लावू नका, 128 सुद्धा जास्त आहेत. 16 किंवा 32 वेगवान कोरची चिप घ्या. मेमरी खाणारं गणित असेल तर एमआरडिमसह झिऑन किंवा एएमडीचाच 128 कोरचा 9755, दोन्हींवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवून पाहा आणि मग ठरवा. विक्रेत्याचा प्रोग्रॅम नव्हे, स्वतःचा. एवढं निविदेत लिहायला एक पान पुरतं.

आणि त्या निविदेच्या फायलीला एक पुरवणी जोडा. जिल्ह्याला हवामान सल्ल्याची दोन माणसं, कायमची. एका 9965 च्या जाहीर किमतीत त्यातल्या एकाचा वर्षाचा पगार निघतो.