वातीवरची बाग

मानपाडा ठाण्याचे असो वा डोंबिवलीचे, अनेक घरांचे अंगण आता खिडकीच्या ग्रिलपुरते उरले आहे. तेथे वाकून, बादली उचलून झाडांना पाणी घालणे सत्तरीनंतर जड जाते. अशा वेळी मातीविना, पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर रोपे वाढविण्याची पद्धत सोयीची ठरते. मात्र ती निवडताना प्रथम एकच प्रश्न विचारावा: हे भांडे घरातील ज्येष्ठांना स्वतःच्या हाताने रिकामे करता येईल का?

हा प्रश्न आरोग्याचा आहे. डेंग्यू पसरविणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. अंडी पाण्याच्या कडेशी भांड्याला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून केवळ पाणी बदलणे पुरेसे नाही. आठवड्यातून एक वार ठरवून भांडे आतून घासावे.

पंपावर चालणारी यंत्रणा आकर्षक दिसते. परंतु जमिनीवरची वायर आणि सांडलेले पाणी यांमुळे पाय घसरण्याचे व विजेचा धक्का बसण्याचे भय असते. शिवाय दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलोंचे ओझे. त्यापेक्षा वातीची पद्धत साधी. खाली लिटरभर पाण्याचे झाकणबंद भांडे, वर नारळाच्या भुशाची लहान कुंडी आणि दोहोंना जोडणारी जाड वात. समईची वात जसे तेल ओढते, तशीच ही पाणी ओढते. पुदिन्यासारख्या लहान रोपांना एवढे पुरते. हे सारे कमरेच्या उंचीवर, उजेडात ठेवावे.

पूर्वीच बसविलेली व्यवस्था सुधारायची असेल, तर पारदर्शक बाटलीला जाड कागद गुंडाळावा. उजेड अडला की शेवाळ धरत नाही. वातीभोवतीची फट कापडाने बुजवावी. सुती वात कुजते, नायलॉनची अधिक टिकते. पोषकद्रव्य पाकिटावरील प्रमाणाच्या निम्म्याने सुरू करावे. मधल्या दिवसांत पातळी उतरल्यास साधेच पाणी घालावे, अन्यथा क्षार साचून पानांच्या कडा करपतात.

पोषकद्रव्याचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कदापि ठेवू नये. विस्मरणाचा त्रास असणाऱ्यांच्या घरी तर ते कुलपातच असावे. मनीप्लान्टची पाने चावल्यास तोंडाची आग होते, हे नातवंडांसाठी ध्यानी असू द्यावे.

काळजीवाहकांना एक विनंती. भांडे घासण्याचे काम तुम्ही करा. पण पाने पाहण्याचे, पुदिना खुडण्याचे काम आजी-आजोबांकडेच राहू द्या. पाणी घालण्याचे श्रम कमी व्हावेत. झाडापाशी जाण्याचे निमित्त कमी होऊ नये.