मरणाचा हक्क आधी कुणापुढे करता?

इच्छामरणाचा विषय निघाला की मराठी माणूस अरुणा शानबाग यांचं नाव घेतो. त्यांच्या मरणासाठी केलेली याचिका फेटाळली गेली, हे मात्र सोयीस्करपणे विसरतो. सर्वोच्च न्यायालयाचा 7 मार्च 2011 चा तो निकाल न्या. मार्कंडेय काटजू यांनी लिहिला. उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवण्याची वाट त्यांनी मोकळी केली, पण अरुणांच्या बाबतीत शब्द मानला तो त्यांना जगू द्या म्हणणाऱ्या केईएम रुग्णालयाच्या माणसांचा. मालमत्तेवर डोळा ठेवणारे नातेवाईक या वाटेचा गैरफायदा घेतील, हेही त्यांनी बजावलं.

आता कायद्याने मरणाला साहाय्य मिळावं म्हणणाऱ्यांचा पक्ष पाहू. ‘दुसऱ्याच्या हातून जेवायचं, दुसऱ्याने धुवायचं, यात कसला सन्मान?’ मग यात अपमान तरी कसला? परिचारिका अरुणांना कुस्करलेलं अन्न भरवत. मासळी आवडली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखत. चार दशकं अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईच्या पाठीला जखमा होऊ दिल्या नाहीत. 2015 मध्ये त्या गेल्या, तेव्हा वॉर्डातलं आपलं माणूस गेलं म्हणून या बायका रडल्या.

‘पण निवड ज्याची त्याची!’ हा युक्तिवाद वजनदार आहे, म्हणूनच तो नीट तपासायला हवा. धडधाकट तरुण जीव द्यायला निघाला, तर आपण त्याला धरून ठेवतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 अशा माणसाची काळजी, उपचार आणि पुनर्वसन सरकारवर सोपवतं. व्हीलचेअरवरची बाई तेच बोलली की मात्र ‘तिचंही बरोबर आहे’ म्हणून माना डोलावतात. हा भेदभाव आहे. असा कायदा असलेल्या अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये मरण मागणाऱ्यांच्या कारणांत वेदना वरच्या क्रमांकावर नसतात. परावलंबन वर असतं, आणि घरच्यांवर ओझं होण्याची धास्तीही पुष्कळ जण सांगतात. हे ओझं हलकं करायला आपल्याकडे काय आहे? उत्तर प्रदेशात दिव्यांग पेन्शन 2021 च्या अखेरीस 500 वरून 1000 रुपये झाली. एवढ्यात रात्री कूस बदलायला माणूस मिळतो का?

राहिली ती कडक अटींची हमी. कॅनडाने 2016 मध्ये मृत्यू जवळ आलेल्यांसाठी दार उघडलं. 2021 मध्ये मृत्यू जवळ नसलेल्या आजारी-अपंगांनाही आत घेतलं. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने मार्च 2025 मध्ये ही तरतूद रद्द करा, असं त्या सरकारला सांगितलं.

सावरकर-विनोबांच्या प्रायोपवेशनाचा, म्हणजे अन्नत्याग करून मरण पत्करण्याचा, दाखला इथे गैरलागू आहे. त्यांना कुणी ओझं म्हणत नव्हतं.

मरणाच्या दारातल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ताटकळत ठेवा, असं आमचं म्हणणं नाही. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे, 2023 मध्ये सोपी केलेली पद्धत आहे. आमची मागणी पगारी मदतनिसाची, गावोगावी वेदनाशामक सेवेची आहे. हे अशक्य नाही. वर्षानुवर्षं अंथरुणावर असलेल्या गाझियाबादच्या एका तरुणाचे आईवडील सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा 2024 मध्ये लखनौच्या उत्तर प्रदेश सरकारने परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि औषधं घरी पुरवण्याची तयारी दाखवली. पुढच्याच वर्षी ते प्रकरण पुन्हा न्यायालयात आलं. त्या घराला परिचारिका मिळण्यासाठी आधी मुलाच्या मरणाचा अर्ज का करावा लागला, याचं उत्तर कायदा मागणाऱ्यांनी आणि लखनौनेही द्यावं.