नावापासून तोडलेली शिरे

येमेनमधल्या मारिब परिसरातले सबा राज्याचे अवशेष युनेस्कोने जानेवारी २०२३ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर केले आणि त्याच वेळी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही घातले. लोबान आणि हिराबोळ उंटांच्या तांड्यांवर लादून उत्तरेला पाठवणारे हे राज्य. वाळवंटाच्या काठावर त्याने धरण बांधून शेती पिकवली. २०१५ मध्ये त्या प्राचीन धरणावर बाँब पडले. त्याच वर्षी धमारचे संग्रहालय हवाई हल्ल्यात जमीनदोस्त झाले. तिथे सुमारे साडेबारा हजार वस्तू होत्या. जगाने निषेध केला, आणि तो करायलाच हवा होता.

कुदळीने चाललेल्या नासधुशीचा निषेध मात्र फारसा कानावर येत नाही. सबासारख्या दक्षिण अरबस्तानातल्या प्राचीन राज्यांत मृताचा चेहरा अलाबास्टरच्या दुधी दगडात कोरत. ते शिर दगडी बैठकीच्या खोबणीत बसवत आणि बैठकीवर त्या माणसाचे नाव लिहीत. बाजारात भाव येतो तो चेहऱ्याला. म्हणून चोर शिर उपटतो आणि नाव मातीत टाकून जातो. पुढे ते शिर कुणाच्या तरी दिवाणखान्यात पोचते. ते कुणाचे, कुठल्या घराण्यातले, कुठल्या दफनभूमीतले, हे आता कोणताही विद्वान सांगू शकणार नाही. या राज्यांचा इतिहास मुख्यतः असल्या कोरीव अक्षरांवरच उभा आहे, म्हणून हे नुकसान एका मूर्तीपुरते राहत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेने चोरीच्या ७७ वस्तूंची मालकी येमेनला परत दिली. त्यांत ६४ दगडी शिरे होती. मायदेशी युद्ध असल्यामुळे त्या वस्तू येमेनच्या वतीने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने सांभाळायच्या, असे ठरले. हा मार्ग योग्य आहे, इतर संग्रहालयांनीही तो धरावा. पण मालकी परत मिळाली तरी तुटलेले नाव परत मिळत नाही.

युद्धाने पिचलेला माणूस पोटासाठी थडगे उकरतो, हे समजू शकते. विकत घेणाऱ्याला कसली भूक असते? वस्तू येमेनबाहेर कधी आणि कशी आली याचे कागद विक्रेत्याने आधी दाखवावेत. कागद नसतील तर लिलाव थांबवून वस्तू जप्त करावी. सबाच्या वारशाची खरोखर काळजी असलेल्या प्रत्येक सरकारने एवढा कायदा करून तो राबवला पाहिजे.