परकी आद्याक्षरे घासून काढू नका

जुन्या फ्रेंच चांदीच्या काट्या-चमच्यांच्या व्यवहारात एक खोड रुजली आहे. दांड्यावर कुणाची आद्याक्षरे कोरलेली दिसली की गिऱ्हाईक भाव पाडून मागते. मग विकणारा ती घासून काढतो आणि माल कोरा म्हणून पुढे करतो. अक्षरे म्हणजे डाग, खरी किंमत ती हॉलमार्कची, हा यामागचा समज मला साफ चुकीचा वाटतो. हॉलमार्क जिथे गप्प होतो, तिथूनच मोनोग्राम, म्हणजे ही कोरलेली आद्याक्षरे, बोलू लागतो.

1838 पासून फ्रान्समध्ये चांदीवर शिरस्त्राण घातलेल्या मिनर्व्हा देवीचे मस्तक उमटवले जाऊ लागले. कपाळासमोर 1 हा आकडा असेल तर हजारात 950 भाग चांदी, हनुवटीखाली 2 असेल तर 800. ही खात्री सरकारची, पण ती धातूपुरतीच. 1838 ते 1973 अशी 135 वर्षे हा छाप याच रूपात चालला, त्यामुळे निव्वळ त्यावरून वय सांगणे म्हणजे अंदाजपंचे. दुसरा छाप कारागिराचा. 1797 च्या कायद्याने त्याला शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट दिली. आत आद्याक्षरे आणि एखादे चिन्ह. मुलामा दिलेल्या मालाची चौकट मात्र सरळ चौरस. हा फरक न पाहता आकड्यावर विसंबणारे हमखास फसतात. क्रिस्तोफ्ल या फ्रेंच कंपनीच्या मुलाम्याच्या काट्यावरचा 84 हा डझनाच्या संचावर चढवलेल्या चांदीचे ग्रॅम सांगतो, तर जुन्या रशियन चांदीवरचा 84 म्हणजे 96 पैकी 84 भाग शुद्ध चांदी. कारागिराच्या छापाने काळ बराच आवळता येतो. पण प्युफोर्कासारख्या घराण्याचा, ‘ईपी’ अक्षरे आणि चाकूचे चिन्ह असलेला छाप दीर्घकाळ वापरात राहिला. तिथेही दशकांची फट उरतेच.

ती फट मोनोग्राम बुजवतो. फ्रेंच घरांत काटा पालथा, दाते खाली करून मांडत. म्हणून अक्षरे दांड्याच्या मागच्या बाजूला कोरली जात. इंग्रज तो उताणा मांडत, त्यामुळे त्यांची अक्षरे पुढच्या बाजूला. फ्रेंच छापाच्या काट्यावर अक्षरे पुढे असतील, तर तो वेगळ्या रीतीच्या टेबलासाठी कोरून घेतला असावा, असा विचार करायला जागा आहे. एकमेकांत गुंफलेली दोन अक्षरे बहुधा लग्नाने जोडलेली दोन घराणी दाखवतात. वर नऊ मोत्यांचा मुकुट असेल तर तो काउंटचा. आणि 1920 च्या दशकातली ठसठशीत भौमितिक अक्षरे 1880 च्या वेलबुट्टीदार अक्षरांशी कुणी गल्लत करणार नाही.

अक्षरे तर मागाहूनही कोरता येतात, मुकुट तर कुणीही कोरून घेईल, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे, पण त्याचे उत्तर त्याच दांड्यावर असते. वापराने आजूबाजूची चांदी गुळगुळीत झाली असताना अक्षरांच्या कडा बोटाला धारदार लागल्या, तर ते काम नवे. हा पुरावा तपासता येतो तो अक्षरे जागेवर असतील तरच. दुसऱ्याचे नाव आपल्या टेबलावर का मिरवावे, हाही प्रश्न समजण्यासारखा आहे. पण न कोरलेले संचही बाजारात मिळतात, तसा घ्यावा. घासून काढण्याची किंमत मात्र धातूच मोजतो. कोरीव रेघ नाहीशी करायची तर तिच्या खोलीइतकी चांदी खरवडावी लागते, दांडा तिथे पातळ होतो आणि उजेडात तिरका धरला की खळगा दिसतो. चकाकीचा हात सगळ्या दांड्यावर फिरला, तर आणखी नाजूक खूणही जाते. छाप मारताना वस्तू कोरीव ऐरणीवर ठेवत, आणि ऐरणीवरच्या बारीक किड्यांच्या आकृत्या विरुद्ध बाजूला उमटत. खोटा छाप ओळखायला याहून भरवशाची खूण क्वचितच सापडेल.

तेव्हा असा काटा हाती आला, तर सोनाराकडचे दहापट भिंग घ्या, छाप, त्याची उलटी बाजू आणि अक्षरे या क्रमाने पाहा, तिन्हींचे फोटो काढून ठेवा. पॉलिशवाल्याकडे दिलाच, तर अक्षरांना आणि छापांना हात लावायचा नाही, हे आधी बजावून सांगा.