कोंबडीवर फवारणीचं औषध? थांबा, शिरपूरकरांनो!

पावसाळा लागला की घरोघरी एकच तक्रार, कोंबड्यांना उवा झाल्या. अन् उपाय काय? सोयाबीनवर मारून उरलेलं औषध! २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते इतक्यात विसरलो? तीच कोंबडी अंडं देते अन् ते आपलं लेकरू खातं.

शेपटीखालची पिसं बाजूला करून पाहा, मुळाशी पांढऱ्या लिखांचे गुच्छ दिसतील. पावडरीनं उवा मरतात, लिखा सहसा मरत नाहीत. म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा लावावीच लागते. बहुतेकजण इथंच चुकतात. खुराड्यातला जुना भुसा जाळा. कोरडी माती अन् चाळलेली राख घमेल्यात ठेवा, कोंबडी आपोआप लोळते. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं.

पण पावडर कोणती, किती, अंडी किती दिवस खायची नाहीत, हे सांगणार कोण? गाई-म्हशींची शिबिरं होतात, कोंबडीला कोणी विचारत नाही. जिच्या अंड्यांवर एखाद्या बाईचा आठवडी बाजार निघतो, ती जनावर नाही का? पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. कोंबड्या पाळणाऱ्या बायांनी तरी नक्की या.