मोदकाच्या हातांनी मोमो

मोमो आता मराठी घरांना नवे राहिलेले नाहीत. पुणे-मुंबई असो, नागपूर असो की इंदूर, संध्याकाळी वाफेची भांडी रचलेली गाडी दिसली की मुलांची पावले तिकडे वळतातच. मग घरोघरी तोच वाद. आई म्हणते, ‘पाणी कुठले, कोबी धुतला होता का, कोण जाणे!’ मुले म्हणतात, ‘सगळेच तर खातात.’

हा वाद आमच्या घरात फार लवकर सुरू झाला. १९९४ साली ह्यांची बदली सिलिगुडीला झाली. दार्जिलिंगच्या पायथ्याचे गाव, तेव्हा मोमो तिथे आपल्याकडच्या वड्यासारखे. माझा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याचे पोट एकदा चांगलेच बिघडले आणि मी बाहेरच्या खाण्यावर बंदी घातली. पंधरा दिवसांनी धुवायला घेतलेल्या त्याच्या शर्टवर लाल चटणीचा डाग दिसला. विचारले तर म्हणाला, ‘शाई आहे.’

मैत्रिणींनो, मोमो खाल्ल्याचा मला तेवढा राग आला नाही. पण खोटे बोलायला मीच त्याला शिकवले, हे मनाला फार लागले. ठरवले, आता मोमो घरीच करायचे.

त्यात काय अवघड? गणपतीला एकवीस मोदक वळणारे हात माझे! सवयीने पाणी उकळले, तेल-मीठ घातले आणि त्यात मैदा वैरला. तांदळाच्या पिठाची उकड होते, मैद्याची झाली खळ! तो चिकट गोळा कसाबसा थापून मोमो वाफवले, तर कोबीला पाणी सुटून सगळे मोमो तळाशी फुटले. मुलगा ताटाकडे बघून काहीच बोलला नाही.

शेजारी कालिम्पाँगच्या एक नेपाळी बाई राहत. त्या मला ‘बहिनी’ म्हणायच्या. मला वाटे, वहिनीच म्हणतात! नंतर कळले, नेपाळीत बहिनी म्हणजे धाकटी बहीण. मग मीही त्यांना दिदी म्हणू लागले. माझी फजिती ऐकून त्या खूप हसल्या आणि म्हणाल्या, ‘रविवारी येते. पण घरातले सगळे हवेत. मोमो एकट्या बाईने करायचा पदार्थ नाही.’

मोमो मूळचे तिबेटचे. थंड, उंच प्रदेशात भाजी कमी, म्हणून तिकडे सारण मुख्यतः मांसाचे. नेपाळात आणि दार्जिलिंग-सिक्कीमच्या डोंगरांत मोमो रुजले. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित भारतात आले, तसे ते धरमशाला, दिल्लीचा मजनू का टिला, कर्नाटकातले बैलकुप्पे इथेही पोहोचले. कोबीचे शाकाहारी मोमो आपल्याकडे घरोघरी आवडीचे झाले.

दिदींनी त्या रविवारी शिकवले, ते असे:

साहित्य (२४-२५ मोमोंसाठी)
पारीसाठी: २ वाट्या (साधारण २५० ग्रॅम) मैदा, १ चहाचा चमचा तेल, अर्धा चमचा मीठ, अर्धी ते पाऊण वाटी साधे पाणी.
सारणासाठी: ३०० ग्रॅम कोबी, १ गाजर, १ मोठा कांदा, ५० ग्रॅम पनीर, १ इंच आले, ५-६ लसूण पाकळ्या, २ हिरव्या मिरच्या, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा मिरपूड, १ मोठा चमचा पातळ केलेले लोणी किंवा तूप, मीठ.
चटणीसाठी: ४ लाल टोमॅटो, ६-७ सुक्या लाल मिरच्या, ६ लसूण पाकळ्या, १ मोठा चमचा भाजलेले तीळ, मीठ, थोडा लिंबाचा रस.

कृती
पीठ: मैद्यात तेल-मीठ घालून थोडे थोडे पाणी टाकत भिजवा. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या पिठाहून थोडे सैल. आठ-दहा मिनिटे चांगले मळा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. मोदकाची आणि मोमोची वाट इथेच वेगळी होते. तांदळाच्या पिठात चिकाटी नसते, म्हणून आपण ते उकडून घेतो. मैद्यात चिकाटी जात्याच असते. ती मळून जागी करायची आणि झाकून सैल होऊ द्यायची. न मुरलेले पीठ लाटताना सारखे आखडते.

सारण: कोबी अगदी बारीक चिरा, त्याला १ चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटे ठेवा. मग स्वच्छ फडक्यात बांधून घट्ट पिळा. मोमो फुटतात ते नव्वद टक्के या पाण्यामुळेच, असे दिदी म्हणत. हे पाणी फेकू नका. खारट असते, पण सूपमध्ये उपयोगी पडते. पिळलेल्या कोबीत किसलेले गाजर, बारीक चिरलेला कांदा, कुस्करलेले पनीर, वाटलेले आले-लसूण-मिरची, कोथिंबीर, मिरपूड आणि लोणी घाला. चव बघूनच मीठ घाला, कारण कोबीत ते आधीच आहे. सारण परतायचे नाही. बारीक चिरलेल्या भाज्या वाफेवर शिजतात आणि लोण्यामुळे सारण कोरडे लागत नाही.

पारी: सुपारीएवढी लाटी घेऊन साडेतीन इंचांची पुरी लाटा. कडा पातळ, मध्यभाग किंचित जाड. मध्यभाग पातळ राहिला तर उचलताना तळ फाटतो. लाटलेल्या पाऱ्या ओल्या फडक्याखाली झाका.

वळणे: पारी डाव्या तळहातावर घेऊन मधोमध चमचाभर सारण ठेवा. मोदकाच्या पाकळ्या आपण आधी सगळ्या पाडतो आणि मग एकत्र आणतो. मोमोत तसे नाही. कडेची एक चुणी घेऊन दाबायची, दुसरी तिच्यावर चढवायची, असे गोल फिरत जायचे. डावा अंगठा सारण आत दाबून धरतो. शेवटी तोंड चिमटीने पक्के बंद करा. हे जमेना तर करंजीसारखा अर्धचंद्र दुमडा. चवीत फरक नाही.

वाफवणे: मोदकपात्र, इडलीपात्र किंवा पातेल्यावर बसणारी चाळणी, काहीही चालेल. चाळणीला तेलाचा हात लावा किंवा कोबीचे पान पसरा. पाण्याला उकळी आल्यावरच मोमो ठेवा, दोन मोमोंमध्ये बोटभर अंतर सोडा. झाकणाला फडके बांधा, म्हणजे वाफेचे थेंब मोमोंवर पडत नाहीत. १० ते १२ मिनिटांत पारी चकचकीत होते आणि ओले बोट लावले तर चिकटत नाही. झाले समजा.

चटणी: टोमॅटो, मिरच्या आणि लसूण थोड्या पाण्यात मऊ शिजवा. गार झाल्यावर तीळ आणि मीठ घालून वाटा, वरून लिंबू पिळा. सिक्कीम-दार्जिलिंगकडे गोल, लाल, जहाल डल्ले मिरची वापरतात. आपल्याकडे ब्याडगी मिरचीने रंग छान येतो आणि मुलांना तिखटही लागत नाही.

लक्षात ठेवा
• वळलेले मोमो फार वेळ ठेवू नका, तळ ओला होऊन फाटतो.
• अर्धा मैदा, अर्धी कणीक घेतली तरी चालते. पारी जरा जाड लाटा.
• उरलेले मोमो दुसऱ्या दिवशी थोड्या तेलात परतून द्या, डब्यातही चालतात.
• अजिनोमोटोची काही गरज नाही.

त्या रविवारी दिदींनी आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात खाली बसवले. कोबी पिळायला हे, कारण जोर त्यांचा. लाटायला मी, चुण्या घालायला मुले. पहिल्यांदाच आमच्या घरात एखादा पदार्थ वाढेपर्यंत कोणी पेपर वाचत बसले नव्हते. मुलाचा पहिला मोमो वाकडातिकडा झाला. दुसरा वळता वळता तो मान खाली घालून म्हणाला, ‘आई, ती शाई नव्हती.’

मी म्हटले, ‘माहीत आहे. तोंड नीट बंद कर, सारण बाहेर येतंय.’

त्यानंतर बाहेरचे मोमो त्याने खाल्लेच नाहीत असे नाही. पण खाल्ले की सांगू लागला, वर ‘त्यांनी कोबी पिळला नव्हता’ असा शेराही मारू लागला. आणि पुढच्या गणपतीत मी मोदक करायला बसले, तेव्हा पाट ओढून शेजारी येऊन बसला.

तुम्हीही एखाद्या रविवारी करून पाहा. फक्त दिदींची अट विसरू नका, एकटीने नाही!